घटका भरली

इंग्रजी शिकूं लागलेल्या मराठी मुलाच्या वाट्याला लवकरच एक वाक्प्रचार येतो: 'इन द निक ऑफ टाइम'. मास्तर फळ्यावर त्यापुढें 'ऐन वेळीं' असा अर्थ लिहून देतात, मुलगा तो वहींत उतरून घेतो आणि प्रकरण तेथेंच संपतें. 'टाइम' म्हणजे वेळ हें त्याला ठाऊक असतें. 'निक' म्हणजे काय हें तो विचारीत नाहीं, आणि पुष्कळदां मास्तरांनाहि तें विचारलें जाऊं नये असेंच वाटत असतें. गंमत अशी कीं, 'ऐन' म्हणजे काय हेंहि त्या वर्गांत कोणी विचारीत नाहीं. परक्या भाषेंतील शब्द कळला नाहीं तर तो अवघड म्हणून सोडून देतात; स्वभाषेंतील कळला नाहीं तर तो कळला असें समजून चालतात.

'निक' म्हणजे खांच. लाकडावर सुरीनें पाडलेली बारीक चीर. जुन्या इंग्लंडांत हिशेब कागदावर नसून काठीवर असे. राजाच्या खजिन्यांत पैसा भरला म्हणजे हेझल झाडाच्या काठीवर रकमेप्रमाणें खांचा पाडीत. हजार पौंडांची खांच तळहाताएवढी रुंद, शंभरांची अंगठ्याएवढी, विसांची करंगळीएवढी, आणि एका पौंडाची जवाच्या दाण्याएवढी. मग ती काठी उभी चिरून एक फांक भरणा करणाराला देत व दुसरी खजिन्यांत ठेवीत. दोन्ही फांकी जुळवल्या कीं खांचेला खांच बसली पाहिजे. लबाडीला जागा नाहीं. आपल्याकडील गवळी रतिबाच्या रेघा भिंतीवर ओढी, त्यांतलाच हा प्रकार, फक्त राजवाड्याच्या दर्जाचा. ही पद्धत इंग्लंडच्या खजिन्यांत सन १८२६ पर्यंत टिकली. पुढें साठलेल्या काठ्यांचें करायचें काय, असा प्रश्न पडला तेव्हां त्या पार्लमेंटांतील लॉर्ड लोकांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळण्याचें ठरलें. १६ ऑक्टोबर १८३४ रोजीं त्या इतक्या जोमानें पेटल्या कीं काठ्यांबरोबर पार्लमेंटाची जुनी इमारतहि जळून गेली.

गोष्ट मोठी रंगतदार आहे, आणि म्हणूनच 'निक ऑफ टाइम' हा वाक्प्रचार हिशेबाच्या काठीवरूनच निघाला असें पुष्कळजण सांगतात. तें तितकेंसें पटण्यासारखें नाहीं. सोळाव्या शतकांतच इंग्रज लोक 'निक' हा शब्द 'नेमका बिंदु', 'नेमका क्षण' या अर्थानें वापरूं लागले होते. 'ऑफ टाइम' ही पुस्ती त्याला पुढील शतकांत जोडली गेली. सुरीचें पातें जेथें पडलें तेथेंच खांच. तिच्या अलीकडे नाहीं, पलीकडेहि नाहीं. एवढ्या साध्या उपमेला खजिना आणि आग यांची गरज नसते. व्युत्पत्तीच्या बाबतींत गोष्ट जितकी नीटनेटकी, तितका संशय अधिक, हें धोरण बरें. प्रवासी व टपालवाले घोडे बदलीत म्हणून बदलापूर, असें जें सांगतात त्यालाहि हेंच लागू पडतें.

वेळेचा दुसरा एक इंग्रजी वाक्प्रचार मात्र उगमासकट सांगतां येतो. 'इलेव्हन्थ अवर', म्हणजे 'अकरावा तास', हा मत्तयाच्या शुभवर्तमानांतील द्राक्षमळ्याच्या दृष्टांतांतून आला. मळ्याचा धनी पहांटेपासून मजूर लावीत गेला. अकराव्या तासाला लावलेल्यांनाहि त्यानें तितकीच मजुरी दिली. येथें अकरावा तास म्हणजे रात्रीचे अकरा नव्हेत. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दिवसाचे बारा भाग करीत, त्यांतील हा अकरावा; म्हणजे दिवस मावळायला एकच भाग उरला होता. काळाची मोजणी सूर्य उगवल्यापासून करावयाची, ही रीत आपल्याकडेहि होती.

आतां 'ऐन'. हा शब्द मूळ अरबी. त्याचा पहिला अर्थ डोळा. त्यावरून एखाद्या वस्तूचा गाभा, ती वस्तु स्वतः. फारसी दफ्तरांतून तो मराठींत आला. मूळ सारा तो 'ऐन जमा', आणि वरच्या पट्ट्या निराळ्या. पुढें दफ्तर सोडून तो घरांत शिरला, आणि 'ऐन दुपार', 'ऐन उमेद', 'ऐन वेळ' असे शब्द झाले. 'वेळ' हा तर संस्कृत 'वेला'. वेला म्हणजे मर्यादा, समुद्राचा कांठ, भरतीचें पाणी जेथवर चढतें ती रेषा. आणि मग त्यावरून काळ. इंग्रजींत भरती-ओहोटीला 'टाइड' म्हणतात. तोहि शब्द मुळांत वेळेचाच वाचक होता. दोन दूरच्या समाजांना काळाची सीमा पाण्यावरच दिसावी, यांत नवल नाहीं. ज्यांचीं गलबतें भरतीच्या पाण्यावर कल्याणच्या खाडींत आंत येत, त्यांना वेळ चुकणें म्हणजे चिखलांत रुतणें, हें कोणी समजावून सांगावें लागत नसे.

परंतु मराठीचा वेळेविषयींचा अस्सल वाक्प्रचार यांपैकीं कोणताच नव्हे. तो आहे 'घटका भरली'. रोग्याची घटका भरली, जुलमी राजाची घटका भरली, असें आपण आजहि म्हणतों. कित्येकांना त्यांत 'पापाचा घडा भरला' याचेंच दुसरें रूप दिसतें. दोन्ही शब्दांच्या मुळाशीं 'घट' आहे हें खरें. पण घडा थेंबाथेंबानें, कर्माकर्मानें भरतो, त्याला मुदत नाहीं. घटका ठरलेल्या वेळांत भरते, आणि भरली कीं बुडते. वाक्प्रचारांतील सारी भीति त्या बुडण्यांत आहे. आणि घटका बुडतांना पाहिलेली माणसें आतां फारशीं उरलीं नसल्यामुळें ती भीति आपणांस जाणवत नाहीं.

घटिकापात्र म्हणजे तांब्याची एक पातळ, अर्धगोल वाटी. तिच्या तळाला बारीक भोंक. पाण्यानें भरलेल्या घंगाळांत ती रिकामी सोडावयाची. भोंकांतून पाणी हळूहळू वर येतें, वाटी जड होत जाते, कांठ पाण्याला टेकतो, आणि क्षणार्धांत ती तळाशीं जाते. हा काल एक घटका, आजचीं २४ मिनिटें. अहोरात्रांत अशा ६० घटका. घटकेचीं ६० पळें. म्हणजे एक पळ २४ सेकंदांचें. दोन घटकांचा एक मुहूर्त, अडीच घटकांचा एक तास, साडेसात घटकांचा एक प्रहर. सूर्यसिद्धान्तांत या पात्राचें वर्णन आहे: तळाशीं छिद्र असलेलें, निर्मळ पाण्यांत ठेवलेलें, अहोरात्रांत ६० वेळां बुडणारें तांब्याचें पात्र. निर्मळ पाणी हा शब्द तेथें शोभेसाठीं नाहीं. एक कण भोंकांत अडकला तर घटका लांबते; पाणी गार असेल तर तें संथ चढतें; आणि वर्षानुवर्षांच्या वापरानें भोंक झिजून मोठें झालें तर घटका आंखडते.

कांहीं ज्योतिषग्रंथकारांनीं या वाटीचें माप ठरवून दिलें होतें: तांबें किती, उंची किती अंगुळें, भोंक पाडावयाची सोन्याची सुई किती लांब व किती वजनाची. भास्कराचार्यांनीं ही भानगड एका फटक्यांत दूर केली. शके १०७२ मध्यें, म्हणजे सन ११५० त, लिहिलेल्या सिद्धान्तशिरोमणींत ते म्हणतात कीं, पात्र कसेंहि घडवा. तें एका अहोरात्रांत किती वेळां बुडतें हें मोजा, आणि त्या संख्येनें अहोरात्राला भागा. जें येईल तें त्या पात्राचें मान. शास्त्रीय दृष्टि म्हणतात ती ही. माप ग्रंथांत शोधायचें नाहीं, पाण्यांत पाहायचें. भास्कराचार्य सह्याद्रीच्या आश्रयानें राहणारे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चंगदेव यानें मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगांवाजवळच्या पाटण येथें डॉ. भाऊ दाजी लाड यांना सांपडला. तेव्हां घटिकापात्राचा हा शहाणा हिशेब महाराष्ट्राच्या घरचाच आहे.

याच भास्कराचार्यांच्या नांवावर घटका चुकल्याची आपली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट आहे. लीलावती ही त्यांची कन्या. तिच्या पत्रिकेंत वैधव्ययोग होता. एकाच घटिकेवर लग्न लागलें तर तो टळणार होता. पित्यानें पाण्यांत घटिकापात्र सोडलें आणि सर्वजण वाट पाहात बसले. बालसुलभ कुतूहलानें मुलगी पात्रांत डोकावली. तिच्या अंगावरील एक मोतीं निसटून पात्रांत पडलें आणि नेमकें भोंकावर जाऊन बसलें. पाणी येईना, पात्र बुडेना. कोणाच्या लक्षांत येईपर्यंत मुहूर्त केव्हांच निघून गेला होता. मग मुलीचें नांव राहावें म्हणून पित्यानें गणिताचा ग्रंथ लिहून त्याला तिचें नांव दिलें.

ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथांत नाहीं. अकबराच्या दरबारांतील फैजी यानें सन १५८७ त लीलावतीचें फारसी भाषांतर केलें, त्याच्या प्रस्तावनेंत ती आहे. म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशें वर्षांहून अधिक काळानें. शिवाय ग्रंथांत उदाहरणें घालतांना कोठें 'बाले', कोठें 'सखे', तर कोठें 'कांते' अशीं संबोधनें येतात. शेवटचें संबोधन कन्येला शोभणारें नाहीं. कथा इतिहास म्हणून उभी राहात नाहीं. तरी ज्यानें ती प्रथम सांगितली त्याला घटिकापात्र चांगलें ठाऊक होतें, एवढें नक्की. भोंकावर बसलेलें मोतीं हें कल्पनेचें असेल. अडकलेला कण हा प्रत्येक घटिका राखणाराच्या अनुभवाचा होता.

घटका नुसती मोजून भागत नाहीं. ती दुसऱ्याला कळवावी लागते. बाबर बादशहानें आपल्या आत्मचरित्रांत हिंदुस्थानांतील घडियाली लोकांचें वर्णन केलें आहे. पितळेची जाड थाळी उंच जागीं टांगलेली, पाण्यांत वाटी सोडलेली, आणि वाटी बुडाली कीं मोगरीनें ठोका. रात्रीं जाग आलेल्या माणसाला नुसत्या घटकेच्या ठोक्यांवरून प्रहर कोणता हें कळत नाहीं, अशी त्याला अडचण वाटली. म्हणून घटकेच्या ठोक्यांनंतर थोडें थांबून प्रहराचेहि ठोके द्यावे, असा त्यानें हुकूम काढला. राज्य मिळविलेल्या माणसालाहि मध्यरात्रीं 'किती वाजले' हा प्रश्न पडतोच.

'किती वाजले' या आपल्या रोजच्या प्रश्नांतच ती थाळी अजून वाजते आहे. मराठी माणूस वेळ पाहात नाहीं, ऐकतो. 'तास' हा शब्द अरबी-फारसींतला, मूळ अर्थ वाटी, पेला. आपल्याकडे तो ठोके देण्याच्या थाळीला लागला, आणि थाळीवरून त्या ठोक्यांनीं मोजलेल्या काळाला. प्रहर संपला कीं सलग ठोके देत त्याला 'गजर' म्हणत. आज उशापाशीं ठेवलेलें यंत्र तोच शब्द वापरून झोपमोड करतें. 'घड्याळ' या शब्दांत तर घटी उघड उघड बसलेली आहे. 'घटकाभर टेका', 'शेवटच्या घटका मोजणें', 'घटकेंत तोळा, घटकेंत मासा': बोलतांना किती तांब्याच्या वाट्या आपण पाण्यांत सोडतों, त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं.

या मोजणीची राज्यकारभारांत काय प्रतिष्ठा होती, हें पाहायचें तर जेधे शकावली उघडावी. शके १५९६ च्या, म्हणजे सन १६७४ च्या ज्येष्ठ महिन्यांत रायगडावर शिवाजीमहाराज सिंहासनावर बसले. त्या नोंदींत तिथि आणि वार यांच्या जोडीला घटी व पळें दिलेलीं आहेत, आणि तीन घटिका रात्र उरली असतां सिंहासनारोहण झालें असें म्हटलें आहे. तीन घटिका रात्र, म्हणजे सूर्योदयापूर्वीं ७२ मिनिटें. जेमतेम दोन ओळींच्या नोंदींत लेखकाला क्षण इतका बारकाईनें सांगावासा वाटला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. ही रायगडाची रात्र होती आणि रायगडाचा सूर्योदय. घटका नेहमींच त्या त्या गांवची असे. अंबरनाथचें शिवालय शके ९८२ मध्यें, सन १०६० त, शिलाहारांच्या राज्यांत उभें राहिलें, तेव्हां शेजारच्या पालेगांवची दुपार पालेगांवचीच होती. सूर्य तेथें माथ्यावर आला कीं दुपार. मुंबईच्या माथ्यावर तो त्यानंतर सुमारें दीड मिनिटानें, म्हणजे पावणेचार पळांनीं येतो; पण त्याची फिकीर करण्याचें पालेगांवांत कोणाला कारण नव्हतें. तें कारण आगगाडीनें आणलें. १६ एप्रिल १८५३ रोजीं गाडी ठाण्यापर्यंत गेली, पुढच्या वर्षीं कल्याणपर्यंत, आणि सन १८५६ त कल्याणाहून अंबरनाथ-बदलापूर मागें टाकीत खोपोलीपर्यंत. गाडी प्रत्येक गांवच्या सूर्याची वाट पाहूं शकत नाहीं. सन १८७० च्या सुमारास साऱ्या हिंदुस्थानांतील रेल्वेनें एकच वेळ धरली, ती मद्रासची. कारण मद्रास मुंबई व कलकत्ता यांच्या साधारण मध्यावर. मद्रासची वेळ मुंबईच्या पुढें सुमारें ३० मिनिटें. स्टेशनांत एक वेळ आणि स्टेशनाबाहेर दुसरी, असा संसार सुरू झाला. मुंबईच्या वेळेवर भरवसा ठेवणाराची गाडी चुकूं लागली.

गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं सन १८८१ त सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावली. मुंबईकरांनीं असा गलका केला कीं सन १८८३ त ती परत घ्यावी लागली. पुढें १ जानेवारी १९०६ पासून 'स्टँडर्ड टाइम' आला: ग्रीनिचच्या पुढें साडेपांच तास, मुंबईच्या पुढें ३९ मिनिटें. बंगालची फाळणी होऊन तीन महिनेहि झाले नव्हते. लोकांना न विचारतां सरकारनें देश तोडला, आणि आतां सूर्यहि आपल्या हुकुमांत घेतला, असें पुष्कळांस वाटलें तर नवल काय! फेरोजशहा मेहता यांनीं लोकांना विश्वासांत घेतलें नाहीं या मुद्द्यावर विरोध उभा केला.

परंतु खरा फटका बसला तो गिरणी कामगाराला, आणि पहिला दगडहि त्यानेंच उचलला. जानेवारीच्या आरंभीं मुंबईच्या सूर्याप्रमाणें साडेसहाच्या सुमारास उजाडतें. नव्या घड्याळांत तेंच सवासात होतात. गिरणीचा भोंगा घड्याळाचा आंकडा न बदलतां नव्या वेळेवर वाजवायचा म्हणजे मजुरानें कालच्यापेक्षां ३९ मिनिटें आधीं, दीड घटकेहून अधिक रात्र शिल्लक असतां, चाळींतून निघायचें. कागदावर कांहींच बदललें नव्हतें. सहाचे सहाच होते. पहिल्याच आठवड्यांत हजारों कामगारांनीं माग सोडले आणि गिरणीवर दगडफेक केली. वर्तमानपत्री वादांत रेखांशांची चर्चा चालली होती; मजुराला रेखांश ठाऊक नव्हता, झोप ठाऊक होती. या सबंध भांडणांत वेळ कोणाच्या अंगावरून जाते हें ओळखणारा तोच एक होता, असें म्हणावेंसें वाटतें.

शेवटीं सरकार व रेल्वे यांनीं स्टँडर्ड टाइम धरला, आणि मुंबईच्या नगरपालिकेनें व पुष्कळ नागरिकांनीं मुंबई टाइम. एकाच शहरांत दोन वेळा नांदूं लागल्या. भेट ठरविली कीं 'मुंबई कीं स्टँडर्ड?' असें विचारून घ्यावें लागे. दुसऱ्या महायुद्धांत सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत सरकारनें स्टँडर्ड टाइम आणखी एक तास पुढें ढकलला, तेव्हां तर घोटाळ्याला सीमा राहिली नाहीं. कलकत्त्यानें आपली वेळ सन १९४८ त सोडली. मुंबई टाइम सन १९५५ पर्यंत टिकला. इंग्रज जाऊन तोंवर आठ वर्षें होत आलीं होतीं.

घटका मात्र एका आडबाजूच्या दारानें अजून येते. पालेगांवच्या शेतांच्या जागीं आज उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि तेथील माणूस मिनिटाच्या हिशेबानें अंबरनाथची लोकल गांठतो. त्याच माणसाच्या घरीं लग्न निघालें कीं पत्रिकेवर मुहूर्त छापला जातो: दुपारीं १२ वाजून ३७ मिनिटें. साडेबारा कां नाहीं, पाऊण कां नाहीं, असें मुलें विचारतात. समजा, नोव्हेंबराच्या उत्तरार्धांतील दिवस आहे, सूर्योदय ६ वाजून ४९ मिनिटांनीं, आणि पंचांगावरून मुहूर्त निघाला सूर्योदयानंतर १४ घटका ३० पळें. घटकेचीं २४ मिनिटें, म्हणजे ५ तास ४८ मिनिटें. सूर्योदयांत मिळवलीं कीं बरोबर १२ वाजून ३७ मिनिटें. तीं विचित्र मिनिटें म्हणजे गुरुजींच्या कागदावर बुडालेली तांब्याची वाटी. कार्यालयांत घंगाळ नसतें, वाटी नसते; भिंतीवरील घड्याळाकडे पाहात गुरुजी मंगलाष्टकांची चाल थोडी लांबवितात, आणि कांटा ३७ वर आला कीं अंतरपाट खालीं येतो. निम्मे पाहुणे तोंवर लोकलमध्येंच असतात.